सरदाराने न खणलेली विहीर

काशी सड्यावरून रिकामी घागर घेऊन खाली आली, तेव्हाच धोंडूबाईने ओळखलं, काहीतरी बिनसलंय. ऐन उन्हाळ्यात रिकामी घागर कुणी हौसेने मिरवत नाही.

"काय गो, दोर तुटला?" मिठात घोळवलेला बांगडा हातातच राहिला.

"दोर कसला, आई! बावीवर लोखंड ठोकलानी. ह्ये एवढाल्या सळ्यांची जाळी आनि वर कुलूप. वॉचमन म्हणतो, ही आता बघायची विहीर हाय, भरायची नाय."

काशी तिची सून. खोटं बोलायची नाही आणि वाढवूनही सांगायची नाही. धोंडूबाईने बांगडा टोपलीत टाकला, हात पदराला पुसले आणि तशीच सड्याची पाऊलवाट धरली. साठी उलटलेली बाई, पण चढण चढताना ती कुणाचा हात धरत नसे.

त्यांची सुरूवाडी भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी. चाळीसेक घरं, सगळी खारव्यांची, मासेमारीवर जगणारी. वाडीच्या पाठीशी जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं पठार. तिथे वाडीची जाळी सुकायची, शिडं पसरायची, आणि सड्याच्या कडेला, जिथे वैशाखातही गवत ओलं राहतं, तिथे वाडीची बाव. सगळी वस्ती त्याच पाण्यावर वाढली. पण सडा होता खोताच्या नावावर. खोताच्या मुंबईकर नातवाने तो विकला आणि दोन वर्षांत तिथे 'सुभानराव नगर' उभं राहिलं. बँकेत, कचेरीत, कॉलेजात नोकरी करणाऱ्यांचे टुमदार बंगले, मधोमध बाग आणि बागेच्या मधोमध बाव. जाळी सुकवायची जागा गेली तेव्हा वाडी चार दिवस कुरकुरली आणि गप्प बसली. जाळ्यांना किनाऱ्याची वाळू होती. पाण्याला दुसरी जागा नव्हती. वाडीतला एकुलता नळ एक दिवसाआड तासभर गुरगुरायचा, आणि खाली कुठेही खणलं तरी लागायचं ते खारं.

बावीपाशी पोचल्यावर धोंडूबाईने आधी कुलूप हलवून पाहिलं. मग तिची नजर नव्या गुळगुळीत दगडावर गेली. त्यावर अक्षरं होती.

दोन वर्षांपूर्वी वाडीच्या शाळेत दुपारचा प्रौढ शिक्षणाचा वर्ग भरायचा. तिथे बायकांच्या घोळक्यात बसून धोंडूबाई अक्षरं शिकली होती. तेव्हापासून तिने एसटीच्या पाट्या वाचल्या, रेशनचं कार्ड वाचलं, औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचलं. दगडावरचं वाचायची ही पहिलीच वेळ. एकेका अक्षरावर बोट ठेवत, ओठ हलवत ती वाचू लागली.

'शिवकालीन विहीर. या ओसाड व निर्मनुष्य सड्यावर सरदार सुभानराव यांनी आपल्या सैन्यासाठी ही विहीर खोदविली. काठावरील राजमुद्रा पाहाव्यात. या भूमीचा इतिहास जतन करण्यास आमची संस्था वचनबद्ध आहे. पाणी भरण्यास सक्त मनाई.'

'निर्मनुष्य'पाशी ती अडखळली. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अर्थ डोक्यात शिरला आणि कानशिलं तापली.

"निर्मनुष्य म्हंजे माणूसच नाय?" तिने वॉचमनला विचारलं. "मग मी कोण हुते हितं, घोरपड?"

वॉचमन बिचारा बिडी लपवत दुसरीकडे पाहू लागला.

ती बाव कुणी खणली हे धोंडूबाईला कुणाकडून ऐकायची गरज नव्हती. ती लग्न होऊन वाडीत आली तेव्हा तेरा वर्षांची होती. वाडीच्या बायकांना पाण्यासाठी वरच्या गावात जावं लागे. तिथल्या रहाटाला खारव्यांनी हात लावायचा नाही. कडेला घागरी मांडून बसायचं आणि कुणाला दया आली तर तो ओतेल तेवढं आणायचं. एकदा तिची सासू तुळसा सकाळपासून दुपारपर्यंत बसली आणि कुणीतरी तिच्या घागरीत पाण्याऐवजी शेण टाकलं. तुळसा घरी आली आणि घागर घासून पालथी घातली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याची पहार खांद्यावर टाकून सड्यावर गेली आणि ओल्या गवतात पहिला घाव घातला.

पुरुष दर्यावर. मोसमात त्यांना खणायला वेळ कुठला? मग बायाच आल्या. तुळसा, चिमा, सत्यवती, राही, आवडी, गंगू, अशा सहा आणि टोपल्या वाहायला सातवी ही नवी नवरी. जांभा जमिनीत असतो तोवर मऊ, वारा लागला की घट्ट होतो, एवढंच शहाणपण त्यांच्या गाठीला. पहाटे मासळी विकून यायच्या आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत खणायच्या. राहीच्या पायावर चिरा पडला, ती जन्मभर लंगडली. एक पावसाळा गेला, दुसरा वैशाख आला, तेव्हा तळाशी पाणी फुटलं. त्या दिवशी सातही जणी बावीत उतरून रडल्या होत्या. मग प्रत्येकीने काठाच्या चिऱ्यावर आपापल्या घराची खूण कोरली. खारव्याच्या प्रत्येक घराची वल्ह्यावर कोरायची एक खूण असते, म्हणजे किनाऱ्यावर वल्ह्यांची सरमिसळ होत नाही. कुणाची माशाची शेपटी, कुणाचा नांगर, कुणाच्या दोन लाटा. अक्षर एकीलाही येत नव्हतं. हीच त्यांची सही.

आणि त्या झाल्या राजमुद्रा!

धोंडूबाई तडक सोसायटीच्या सेक्रेटरीच्या बंगल्यावर गेली. नाचणकर साहेब कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि रविवारी घरच्या ओटीवरून नगराचा कारभार पाहत. आत उंबऱ्याशी त्यांची म्हातारी आई सोनूबाई तांदूळ निवडत बसली होती.

"या आजी. सुरमई आहे का आज?"

"सुरमई नाय. बावीचं बोलायला आलंय. ती बाव आमी खणलाव."

नाचणकर हसले. वाईट माणूस नव्हता. पण ज्याला आपण समजूतदार आहोत याची खात्री असते, त्याच्या हसण्याने अंगाची जास्त आग होते. "आजी, तुमच्या पूर्वजांनी सरदारांच्या पदरी काम केलं असेल. तशा आठवणी पिढ्यान् पिढ्या राहतात."

"पूर्वज कसले? मी! ह्या डोक्यावरनं लाल माती व्हायलंय. टोपली माजी हुती, सुभानरावाची नाय."

"काठावर मुद्रा आहेत. आम्ही बाहेरून जाणकार माणूस आणून तपासल्या."

"माशाची शेपटी हाय ती आमच्या घरची खूण. खाली चला, वल्ह्यावर दाखवतंय. तुमच्या जाणकारानं जन्मात कधी वल्हं बघितलान हाय?"

"असं कसं चालेल? काही कागद आहे का? नोंद? दाखला?"

"तुमच्या आवशीनं तुमाला जन्म दिलान, त्येचा कागद मागितलात काय तिच्याकडं?"

उंबऱ्याशी सोनूबाईने पदर तोंडावर घेतला, पण तिचे खांदे हललेले धोंडूबाईला दिसले.

नाचणकर तांबडे झाले. त्यांनी टेबलावरची छापील पत्रिका पुढे केली. "हे बघा, आम्ही तुम्हाला विसरलेलो नाही. अक्षय्य तृतीयेला नगराचं उद्घाटन आहे, दगडाचं अनावरण आहे. 'स्थानिक लोकसंस्कृतीचा सन्मान. पारंपरिक गाऱ्हाणे, श्री. बाबल्या'. तुमचेच दीर ना ते? नाव छापलंय त्यांचं."

धोंडूबाईने ते नाव वाचलं आणि पत्रिका टेबलावर ठेवली. आता बोलायचं ते नाचणकरांशी नाही, बाबल्याशी.

गाऱ्हाणं म्हणजे काय हे कोकणात सांगावं लागत नाही. कुठलंही शुभकार्य असो, मानकऱ्याने हातात नारळ घेऊन देवापुढे सगळं खरंखरं मांडायचं. जागा कुणाची, माणसं कोण, मागणं काय. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साक्ष द्यायची. शेवटी नारळ फुटला की बोलणं देवापाशी पोचलं. तोवर ते अधांतरी. सुरूवाडीचं गाऱ्हाणं बाबल्याने घालायचं, त्याच्या बापाने घातलं तसं.

बाबल्या ओसरीवर डोक्याला केशरी फेटा गुंडाळून आरशाच्या तुकड्यात पाहत होता.

"ये वयनी. कसा दिसतंय?"

"जत्रंतल्या बोकडासारखा. त्येलापण आधी हारच घालतात."

"तुजं आपलं काय तरी!" बाबल्याने फेटा सारखा केला. "सोसायटीनं दिलान. गाऱ्हाण्यात काय बोलायचं तेपण लिवून दिलान. नाचणकर सायबांनी तीनदा वाचून पाठ करून घेतलानी."

"आण हिकडं."

धोंडूबाईने कागद उन्हाकडे धरून वाचला. सगळं होतं. देव होता, दर्या होता, नगर होतं, आणि 'सरदार सुभानरावांनी खोदलेल्या या पवित्र विहिरीला साक्ष ठेवून' हेही होतं.

"बाबल्या भावजी, ही बाव खणलान कुणी?"

बाबल्याने आरशाचा तुकडा उचलून पुन्हा फेट्याकडे पाहिलं.

"तुज्या आवशीनं. तू तवा काठावर पाळण्यात हुतास. तुला डास लागू नयेत म्हणून मी पदरानं वारा घालायचे आनि तुजी आवस खाली पहार मारायची. आता तिचं नाव तूच पुसणार? तेपण फेटा बांधून?"

"वयनी, मोठ्या माणसांशी वाकडं बरं नाय. होड्यांचे परवाने त्येंच्याच कचेरीतनं निघतात. चार शबूद त्येंच्या मनासारखे बोललो तर काय दर्या आटत नाय."

"बोल तू. खुशाल बोल." धोंडूबाई उठली. "खोट्याला व्हय म्हणून दुसऱ्या दिवशी दर्यात होडी लोटायची कुणाची छाती हाय, ती मी बघतंय."

बोलून तर गेली. पण घरी आल्यावर मन खाऊ लागलं. वाडीतले पुरुष काय, जेवणाची पंगत आणि पाहुण्याची मोटार पाहिली की माना डोलवतील. मधले तीन दिवस काशी आणि इतर बाया दीड कोस दूरच्या ओहळावर पाण्याला गेल्या. वाडीत आरडाओरडा झाला नाही, आणि तेच धोंडूबाईला जास्त लागलं. बायका चालून चालून थकतात तेव्हा घरातले पुरुष गप्प का बसतात हे तिला आयुष्यभर उमगलं नव्हतं.

अक्षय्य तृतीयेला सकाळी नगरात मांडव होता. खुर्च्यांवर नगरातली माणसं आणि पाहुणे. एका कडेला जाजमावर वाडी बसवलेली, अगदी पत्रिकेत छापल्यासारखी. दगडावर भगवं कापड होतं. बावीच्या लोखंडी जाळीला झेंडूच्या माळा गुंडाळल्या होत्या. पिंजऱ्याला तोरण बांधलेलं धोंडूबाई पहिल्यांदाच पाहत होती.

बाबल्या फेटा बांधून, नारळ घेऊन माइकसमोर उभा राहिला. आवाज मात्र बापासारखाच खणखणीत.

"बा देवा म्हाराजा, ह्या सड्याच्या, ह्या खाडीच्या राखणदारा! आज तुजी लेकरं तुज्या पायाशी उभी हायत..."

"व्हय म्हाराजा!" वाडीने उत्तर दिलं. नगरातल्यांनी कौतुकाने माना वळवल्या. एकाने फोटो काढला.

"हितं नवी घरं उभी ऱ्हायलीत, त्या घरांत सुख नांदू दे..."

"व्हय म्हाराजा!"

"दर्यावर गेलेला गडी सुखरूप घरला येऊ दे..."

"व्हय म्हाराजा!"

धोंडूबाईने मुठी आवळल्या. पुढचं वाक्य तिला पाठ होतं. तिने ठरवलं होतं, ओरडायचं. साठ वर्षांत चारचौघांत कधी ओरडली नव्हती, आज ओरडायचं.

"सरदार सुभानरावांनी खोदलेल्या ह्या पवित्र विहिरीला साक्ष ठेवून..."

कुणीच काही बोललं नाही.

धोंडूबाईचं तोंड उघडंच राहिलं. ओरडायची गरजच पडली नाही. जाजमावर चाळीस घरांचे पुरुष जमिनीकडे पाहत बसले होते. कुणी खाकरलं नाही, कुणी हललं नाही. उद्या पहाटे त्यांना होड्या लोटायच्या होत्या.

बाबल्याने घसा साफ केला आणि तेच वाक्य मोठ्याने म्हटलं. पुन्हा शांतता. माळांवरच्या माश्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. गाऱ्हाणं संपलं असं वाटून पुढच्या रांगेतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या, पण सोबत कुणी नाही हे पाहून त्याही थांबल्या.

बाबल्याच्या कपाळावरून घाम ओघळला. त्याने वाडीकडे पाहिलं, मग वहिनीकडे, मग बावीकडे. डोक्यावरचा फेटा काढून त्याने खुर्चीवर ठेवला.

"बा म्हाराजा, माजी जीभ चुकली. ही बाव माज्या आवशीनं खणलान, तुळसानं!"

"व्हय म्हाराजा!" मांडवाचं कापड हललं असेल, एवढा आवाज.

"चिमानं खणलान!"

"व्हय म्हाराजा!"

सत्यवती, राही, आवडी, गंगू. प्रत्येक नावाला वाडी उत्तर देत होती. "आनि टोपल्या व्हायलान माज्या वयनीनं, धोंडूनं, जी जिती हितं बसलीय!"

"व्हय म्हाराजा!"

नाचणकर माइककडे धावले. "आभार, आभार! आता नारळ वाढवावा!"

"नाय सायेब," बाबल्या म्हणाला. "जिनं पाणी काढलान तिलाच पाणी बंद करून नारळ फुटत नाय. गाऱ्हाणं ऱ्हायलं." आणि नारळ बगलेत मारून तो सडा उतरू लागला. पाठोपाठ वाडी उठली. जेवणाची पंगत तशीच मांडलेली राहिली.

तेवढ्यावर थांबलं असतं तर नगरातल्यांनी चार दिवस चेष्टा केली असती आणि विसरले असते. पण ती माणसं तरी कुठची? कुणी लांज्याचं, कुणी राजापूरचं, कुणी हेदवीकडचं. बंगला सिमेंटचा असला तरी गाऱ्हाणं अर्धं राहणं म्हणजे काय हे प्रत्येकाच्या घरातल्या म्हातारीला ठाऊक. दुसऱ्या दिवशी कुणाच्या स्वयंपाकघरात नाग निघाला. तिसऱ्या दिवशी एक प्रोफेसर स्कूटरवरून घसरले. दोघांनी वास्तुशांत पुढे ढकलली. सोनूबाई मुलाला म्हणाली, "आमच्या संगमेश्वराकडं गाऱ्हाणं लोंबकळत ठेवून कुणी चूलपण पेटवत नाय. तू खाली जा, नायतर मी जातंय."

नाचणकर आले. धोंडूबाईच्या अंगणात, सुकत टाकलेल्या मासळीपासून जरा लांब उभे राहिले.

"आजी, तोडगा काढलाय. दगडावर ओळ वाढवू. 'स्थानिक महिलांच्या सहकार्याने'."

"सहकार्य?" धोंडूबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. "म्हंजे सुभानराव खणत हुता आनि आमी त्येला सरबत देत हुतो?"

काशी घरात फिस्सकन हसली.

"बरं, बरं. सातही नावं लिहू. सरदारांच्या नावाखाली. मग तर झालं?"

"आनि बाव?"

"विहीर सोसायटीच्या हद्दीत आहे. ती ऐतिहासिक म्हणूनच राहील. नावं तुमची, विहीर आमची. इतिहासाचा मान—"

"सायेब," धोंडूबाईचा आवाज चढला नाही, पण काशी हसायची थांबली. "मान घागरीत भरता येतो काय? तुमी आमची नावं दगडावर लिवणार, पावण्यांना दाखवणार, आनि आमच्या सुना दीड कोसावरनं पाणी आणणार. आधी आमाला निर्मनुष्य केलात, आता दगड करताव. माजी सासू नावासाठी खणत नव्हती. तिला तहान लागली हुती. आधी ते लोखंड काढा. दगडाचं मागनं बोलू."

"सोसायटीची मीटिंग बोलवावी लागेल."

"बोलवा. तोवर नारळ बाबल्याच्या घरात हाय. त्येला घाई नाय."

मीटिंग झाली. म्हणे फार गरमागरमी झाली. 'मासळीच्या वासाचे लोक बागेत येणार' असं एकजण म्हणाला. त्याला त्याच्या बायकोने विचारलं, "काल दुपारी सुरमई चापलीत, तिला काय चिकूचा वास होता?" शेवटी घराघरांतल्या म्हाताऱ्यांनी वाडीची बाजू उचलून धरली आणि लोखंड कापायला माणूस आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या बाया घागरी घेऊन सडा चढल्या. नगरातल्याही दोघीतिघी बादल्या घेऊन आल्या, कारण नळ त्यांचाही एक दिवसाआडच होता. बाबल्याने फेट्याविना, उघड्या डोक्याने गाऱ्हाणं पुरं केलं. वाडीने साक्ष दिली, सोनूबाईचा चिरका आवाजही त्यात मिसळला, आणि नारळ एका फटक्यात फुटला. काशीने पहिली घागर ओढली.

मग नाचणकरांनी बोलावलेला पाथरवट छिन्नी-हातोडा घेऊन दगडासमोर बसला. धोंडूबाई त्याच्या शेजारी उकिडवी बसून नावं सांगू लागली. "तुळसा. चिमा. सत्यवती..."

पाथरवटाने दगडावर वीत टाकून पाहिली. नाचणकर वाकून म्हणाले, "आजी, सात नावं नाही मावत. तीन लिहू आणि पुढे 'व इतर महिला'. चालेल ना?"

धोंडूबाईने दगडाकडे पाहिलं. आता तिला एकेका अक्षरावर बोट ठेवावं लागलं नाही.

"सुभानरावाला काढा," ती म्हणाली. "चिकार जागा व्हईल."

नाचणकर दगडापासून एक पाऊल मागे सरले. पाथरवटाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि सरदाराच्या पहिल्या अक्षरावर छिन्नी टेकवली.